उतरताना ऑइल प्रेशर डगमगतं: रोटरी इंजिनाचं विमान आणि त्याचा संप

आधी लक्षण सांगतो. विमान उतरायच्या बेतात आहे. थ्रॉटल मागे, फ्लॅप खाली, नाक धावपट्टीकडे झुकलेलं. आणि ऑइल प्रेशरचा आकडा नाचायला लागतो: ४ बार, अडीच, पुन्हा ४, मग पावणेदोन. टॅक्सी करायला, म्हणजे जमिनीवर विमान हळू चालवायला, लागलो की सगळं मूळपदावर. हँगरसमोर इंजिन कितीही वेळ चालवा, प्रेशर खिळा ठोकल्यासारखं स्थिर. डिपस्टिकवर तेल पुरेसं. पुढच्या उड्डाणात उतरताना पुन्हा तेच.

माझ्या विमानात हा त्रास तीनदा 'बरा' झाला आणि तीनदा उलटला. लक्षण एकच होतं, कारणं तीन होती, आणि दुसरं-तिसरं कारण माझ्याच आधीच्या इलाजातून निघालं होतं. मझ्दाच्या १३बी रोटरी इंजिनाला स्वतःचा संप, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, बनवणाऱ्या कुणालाही याच क्रमाने ठेच लागू शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी अमेरिकेत राहतो. इथे 'एक्सपेरिमेंटल ॲमॅच्युअर-बिल्ट' या वर्गात निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केलेलं असेल तर घरी बांधलेल्या विमानाची नोंदणी होते. (गावाकडे कुणाला समजावताना मी कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव घेतो, मग लगेच कळतं.) माझं विमान दोन आसनी, प्रोपेलर पुढे, नाकाखाली चाक. इंजिन मझ्दाचं १३बी, म्हणजे आरएक्स-७ मोटारीतलं वांकेल रोटरी, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. क्रूझला, म्हणजे सरळ सपाट उड्डाणात, शाफ्ट ५००० ते ६००० आरपीएमवर फिरतो. प्रोपेलरला अडीच हजाराच्या आसपास फेरे लागतात, म्हणून मध्ये २.१७ गुणोत्तराचा गिअरबॉक्स.

संप म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला 'चेंबर' म्हणतात आणि खडकाला लागून फुटतं, तेच. मझ्दाचा मूळ संप पत्रा दाबून काढलेला, मोटारीच्या सांगाड्याच्या हिशोबाने घडवलेला. विमानात नेमक्या त्याच जागेत इंजिन माउंटच्या नळ्या, पुढच्या चाकाचा पाय आणि काउलिंगचा (इंजिनाभोवतीच्या आवरणाचा) तळ येतो. खोली कमी करावीच लागते. म्हणून मी ॲल्युमिनियमचा उथळ संप वेल्ड करून घेतला: आतून ४०० मिमी लांब, २२० मिमी रुंद.

रोटरीत तेलाकडे दुर्लक्ष परवडत नाही, कारण इथे तेल नुसतं वंगण नाही. शाफ्टमधल्या जेटमधून ते रोटरच्या पोटात मारलं जातं आणि रोटरची उष्णता घेऊन खाली येतं. इंजिन थंड ठेवण्याच्या कामाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भार तेलावर असतो. तेल थांबलं की बेअरिंग काही सेकंदांतच जायला लागतात.

पहिली पायरी: आकडा खरा की खोटा?

सेन्सर थेट इंजिनावर बसवला असेल तर कंपनांनी तो आतून खिळखिळा होतो आणि आकडे नाचवतो. तो फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर) घ्या, मध्ये लवचीक नळी द्या आणि इंजिनाच्या बाजूला बारीक छिद्राचं फिटिंग टाका, म्हणजे नळी फाटली तरी तेल भसाभस जाणार नाही. त्याच जोडावर काही दिवस साधा यांत्रिक काट्याचा गेज लावा. दोन्ही एकत्र हलले, तर दुखणं तेलाचंच आहे.

आणखी एक फरक ओळखायला शिका. थ्रॉटल मागे घेतला की पंपाचा वेग उतरतो, म्हणून प्रेशरही उतरतं. पण ते एका संथ रेषेत उतरतं. हवा ओढणाऱ्या पंपाचं प्रेशर थरथरतं. ज्यांनी विहिरीवर मोटर चालवलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी खाली गेलं आणि फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की पाईपातून पाणी आणि हवा आळीपाळीने येतात, पाईप गचके खातो. माझ्या स्क्रीनवरचा आलेख हुबेहूब तसाच होता.

पहिला इलाज: तेल वाढवलं

अर्धा लिटर जास्त टाकलं आणि थरथर थांबली. दोन उड्डाणांनी काउलिंगचा तळ तेलाने माखलेला दिसला. इंजिनातून तेल परत येण्याच्या वाटा संपमध्येच उघडतात. पातळी तिथवर चढली की परतणारं तेल तुंबतं आणि ब्रीदरवाटे (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडतं. वाढवलेलं तेल तासाभरात विमानाच्या पोटावर जातं आणि थरथर परत येते. तरीही निदानासाठी ही चाचणी सोनं आहे. तेल वाढवल्यावर त्रास सुरू होण्याचा कोन पुढे सरकत असेल, तर पंप आणि बेअरिंग निर्दोष आहेत आणि सक्शनच्या वाटेत तेलाऐवजी कुठेतरी हवा येतेय. 'कुठेतरी' या शब्दाचं महत्त्व मला तिसऱ्या फेरीत कळलं.

एक इशारा: मझ्दाचा मूळ मीटरिंग पंप तुम्ही ठेवला असेल, तर तो संपमधलंच तेल थोडं थोडं जाळायला पाठवतो. लांबच्या उड्डाणात पातळी मुळातच उतरत जाते, म्हणून त्रास उड्डाणाच्या शेवटी जास्त दिसतो. मी तो पंप काढून टाकलाय आणि टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्ये मिसळतो.

दुसरा इलाज: मोटारीच्या शर्यतीतला खण

शर्यतीच्या गाड्यांत पिकअपभोवती, म्हणजे पंपासाठी संपमधून तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाभोवती, एक खण करतात. त्याच्या भिंतीला बिजागरीच्या झडपा असतात. त्या फक्त आत उघडतात, त्यामुळे आत आलेलं तेल बाहेर सांडत नाही. मीही केला. जमिनीवर उत्तम. धावपट्टीभोवतीच्या घिरट्यांत उत्तम. मग एकदा ८००० फुटांवरून लांब, सरळ उतरण घेतली. सुरुवातीला प्रेशर स्थिर होतं, आणि थोड्या वेळाने तीच थरथर, या वेळी जास्त खोल.

इथे मला माझी खरी चूक दिसली. मोटार वळणात असते ती काही सेकंद. तेवढा वेळ खणातलं तेल पुरतं, मग गाडी सरळ होते आणि झडपांतून खण पुन्हा भरतो. विमानाची उतरण काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पंप खण उपसून रिकामा करतो, आणि तो भरायचा तर तेल झडपेच्या पलीकडे, उताराच्या तळाशी साचलेलं. झडपा उघड्या असूनही तेल चढावर येणार नाही. उलट माझ्या खणाच्या भिंतीने तेल अडवून ठेवायचं काम केलं. झडपा आणि खण धक्क्यांसाठी आहेत: ब्रेक दाबणं, हवेतले गचके. मिनिटभर टिकणाऱ्या कोनावर एकच इलाज आहे, तो म्हणजे पिकअपचं तोंड त्या कोनात तेल जिथे असेल तिथे नेणं.

आणखी एक गोष्ट मोटारीच्या अनुभवाने उलटी शिकवली होती. गाडी वळली की तेल बाजूला धावतं. विमान नीट समतोल वळण घेतं तेव्हा ते स्वतः कलतं, आणि तेलावरचा एकूण ओढा संपच्या तळाशी काटकोनातच राहतो. म्हणून ४५ अंशाच्या वळणातही तेल जागच्या जागी असतं. बाजूला सरकतं ते फक्त स्लिप करताना, म्हणजे विमान तिरकं सरकवताना. आडव्या सरकण्यापेक्षा पुढे-मागे सरकण्याची चिंता इथे कितीतरी मोठी, आणि मी बाजूच्या भिंतींवर बराच वेळ घालवला होता.

परातीचं गणित

कागद-पेन्सिल घेऊन हे आधीच करायला हवं होतं. ४०० गुणिले २२० मिमीच्या भांड्यात ५५ मिमी खोल तेल म्हणजे सुमारे ४.८ लिटर. इंजिन चालू झालं की कूलरमध्ये, वाटांमध्ये, रोटरच्या पोटात मिळून लिटरभर तेल संपबाहेर असतं असं धरा. पातळी ११ मिमी उतरली, राहिली ४४.

आता दिशा. १३बी चा ऑइल पंप मोटारीच्या 'पुढच्या' टोकाला असतो आणि पिकअपची नळी त्याच बाजूच्या लोखंडी हाउसिंगला खालून बोल्ट होते. विमानात प्रोपेलर इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला येतो. म्हणजे प्रोपेलर पुढे असलेल्या विमानात इंजिन मोटारीच्या उलट तोंडाने बसतं आणि पिकअप फायरवॉलच्या बाजूला जातो. चढताना तेल मागे, पिकअपकडे धावतं. उतरताना पुढे, पिकअपपासून दूर. लाँग-ईझी किंवा कोझीसारख्या मागे प्रोपेलर असलेल्या विमानात नेमकं उलट होतं: तिथे त्रास चढताना येईल, पूर्ण पॉवर लावलेली असताना, आणि ते जास्त धोक्याचं. दुसऱ्या कुणाच्या संपचं रेखाचित्र उचलण्याआधी त्याचा प्रोपेलर कुठे आहे ते विचारा.

माझ्या पिकअपचं तोंड मागच्या भिंतीपासून ४० मिमीवर, म्हणजे मध्यापासून १६० मिमी दूर, आणि तळापासून १० मिमी वर. नाक १० अंश खाली गेलं की तिथली पातळी २८ मिमी उतरते. उरलं १६, म्हणजे तोंडावर जेमतेम ६ मिमी तेल. एवढ्यात भोवरा पडून हवा शिरायला वेळ लागत नाही. १२ अंशांना तोंड सरळ उघडं. आणि हा कोन फक्त नाकाचा धरायचा नाही. विमानाचा वेग कमी होत असेल तर तेल आणखी पुढे सरकतं. वेग घटण्याचा दर गुरुत्वाच्या विसाव्या भागाइतका असला तरी त्याचे जवळजवळ ३ अंश होतात. नाक १० अंश खाली आणि वेग उतरतोय: झाले १३. अंतिम टप्प्यात रोज हेच होतं.

आता हाच पिकअप भांड्याच्या मध्यावर न्या. परातीत पाणी घेऊन ती कलती करा: कडेला पाणी चढतं, उतरतं, पण बरोबर मध्यावर खोली तेवढीच राहते. तळ एका टोकाला उघडा पडेपर्यंत ती तसूभरही बदलत नाही. माझ्या मापांत तो कोन १२ अंशांच्या किंचित पुढे आहे, आणि त्यानंतरही मध्याची खोली हळूहळूच उतरते. चढताना, उतरताना, दोन्हीकडे ४४ मिमी तेल. कुठलीही झडप हे देऊ शकत नाही.

नव्या संपमध्ये मी पिकअप मध्यावर आणला आणि माउंटच्या नळ्यांच्या मधल्या जागेत तळाला २५ मिमीची छोटी विहीर काढली. तोंड विहिरीच्या तळापासून १० मिमीवर. याहून जवळ नेलं तर गार, घट्ट तेल ओढताना नळी गुदमरते. विहिरीच्या दोन्ही अंगांना एकेक आडवी भिंत, तिच्यात आत उघडणाऱ्या झडपा. झडपेची उघडी जागा भरपूर ठेवा. मी आधी ६ मिमीची छिद्रं पाडली होती, हिवाळ्यातलं गार तेल त्यांतून पुरेसं परत येईना.

तिसरी फेरी: दिसत नाही ती गळती

नऊ तास निर्विघ्न गेले. दहाव्या तासाला उतरताना पुन्हा थरथर.

संप उतरवून कलता करून पाहिला, तोंड तेलात. झडपा मोकळ्या. दोन आठवडे काही सुचेना. मग पिकअपची नळी सोडवली, तोंडाला रबरी बूच ठोकलं, दुसऱ्या टोकाने ०.३ बार हवा भरली आणि नळी साबणाच्या पाण्यात धरली. फायरवॉलकडच्या कोपऱ्यात, जिथे नळी खाली येऊन आडवी वळते, त्या वेल्डच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग आली. केसासारखी तडा. पिकअप मध्यावर नेण्यासाठी मी नळी १५० मिमीहून जास्त लांबवली होती आणि तिला शेवटाला आधारच दिला नव्हता. एका टोकाला बांधलेली काठी कंपनांनी जिथे मोडणार तिथेच ती चिरली.

तडा तळापासून सुमारे ३० मिमी वर होती. सपाट उड्डाणात तिथे ४४ मिमी तेल, म्हणजे ती बुडालेली आणि तिच्यातून तेलच आत ओढलं जायचं, बिघाड शून्य. नाक खाली गेलं की तिथली पातळी उतरून तडा उघडी पडायची आणि पंप हवा ओढायचा. लक्षण पहिल्या दिवसासारखंच. सक्शनच्या बाजूची गळती अशीच फसवते. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून तेल बाहेर येऊन डाग पाडत नाही, हवा गुपचूप आत जाते. पिकअपच्या फ्लँजखालचं (बोल्ट लागणाऱ्या चपट्या कडेखालचं) पॅकिंग दबलं असेल तरी हेच होईल. उंचीवर तर आणखी काटेकोर राहायला हवं: तेलाला नळीत ढकलायला बाहेरच्या हवेचा दाबच कामाला येतो आणि १०,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. नळी लांबवलीत तर आतला व्यासही एक माप वाढवा.

आता नळीला बेडप्लेटवरून (इंजिन आणि संपच्या मधल्या जाड प्लेटवरून) आधाराची पट्टी आहे. संपच्या तळावरून आधार घेऊ नका, तो पत्रा इंजिनापेक्षा वेगळा हलतो.

परतीचं तेल

१३बी मध्ये क्रँकसारखं काही संपात गरगरत नाही, त्यामुळे तेल घुसळलं जाण्याची भीती कमी. पण रोटरच्या पोटातून पडणारं तेल मुळातच फेसाळलेलं असतं. ते पिकअपच्या डोक्यावर पडू देऊ नका. मी वर एक उतरती ताटली बसवलीय. तेल तिच्यावर पातळ पसरतं, फेस बसतो, मग कडेने खाली येतं. गिअरबॉक्सचं परतीचं तेल प्रोपेलरच्या बाजूला, पातळीच्या वर सोडलंय. ताटली बसवताना लक्षात असू द्या की मागच्या, म्हणजे विमानात पुढे येणाऱ्या, लोखंडी हाउसिंगखाली ऑइल प्रेशर रेग्युलेटर संपमध्येच लोंबतो. माझी पहिली ताटली त्याला टेकली होती.

बाहेरची गळती

फ्लँजमधून पाझर हे रोटरीचं जुनं दुखणं. कारण संप एका सलग ब्लॉकला लागतच नाही. पुढचं कव्हर, तीन लोखंडी हाउसिंग, दोन ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग अशी चवड आहे, आणि संपला तिच्या प्रत्येक सांध्यावरून जायचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बीडाच्या दुप्पट वाढतं. ८० अंशांच्या वाढीला ४०० मिमी ॲल्युमिनियम पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबतं, तेवढंच बीड त्याच्या निम्मं. चवड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. प्रत्येक उड्डाणात फ्लँज आणि इंजिन एकमेकांवर घासून सरकतात. ठिसूळ होणारं पॅकिंग तिथे टिकत नाही, लवचीक राहणारा सिलिकॉन सीलंट टिकतो.

पण सीलंटचे ब्रँड बदलण्यात वर्ष घालवण्याआधी एक गोष्ट बघा: इंजिनाचं वजन संपवरून तर जात नाही ना? माझ्या पहिल्या रचनेत माउंटचे कान संपच्या भिंतींनाच वेल्ड केले होते. प्रोपेलरचा पीळ, उतरण्याचा धक्का, सगळं त्या पातळ सांध्यातून जायचं. सीलंट काय करणार? आता १२ मिमीची ॲल्युमिनियमची बेडप्लेट इंजिनाला वेगळी बोल्ट केलीय, माउंट तिला लागतं आणि संप तिच्याखाली नुसता टांगलेला आहे.

फ्लँज वेल्डिंगनेही वाकते. वेल्डरला सांगून ती जाड पोलादी प्लेटवर घट्ट बांधूनच वेल्ड करून घ्या आणि नंतर तिचा चेहरा मिलिंगवर सपाट करा. इंजिनाच्या बाजूला सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक सांध्यावरची पायरी मोजा. सीलंट लावण्याआधी ॲसिटोनने दोनदा पुसा, लावल्यावर पूर्ण २४ तास हात लावू नका. बोल्ट एम६ आहेत, ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. गळतंय म्हणून आणखी आवळलं की दोन बोल्टांमधली फ्लँज उचलली जाते आणि गळती वाढते.

एग्झॉस्टची नळी संपच्या शेजारून जाते. रोटरीचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो, म्हणून मध्ये स्टेनलेसचा आडपडदा हवाच, दोन्हीकडून हवा खेळेल असा.

बसवण्याआधी कलती चाचणी

तिसऱ्या संपपासून मी हे टेबलावरच करतो. संपवर झाकणाऐवजी पारदर्शक ॲक्रिलिकची प्लेट. आत चालू इंजिनात उरेल तेवढंच तेल, डिपस्टिकवरचं पूर्ण नव्हे. खाली जॅक, वर डिजिटल लेव्हल. नाक खाली १५ अंश, नाक वर १५ अंश, दोन्ही बाजूंना १०, आणि प्रत्येक ठिकाणी तोंडावर किती तेल आहे ते पट्टीने मोजून लिहायचं. मग तोंडाला हातपंप लावून उपसायचं आणि झडपांतून तेल तेवढ्या वेगाने येतंय का ते पाहायचं. हे गार तेलाने एकदा, ८० अंशांवर तापवलेल्या तेलाने एकदा. संध्याकाळचं काम आहे.

डिपस्टिकच्या खुणाही तुमच्या विमानाच्या जमिनीवरच्या कोनातच करा. शेपटीला चाक असलेलं विमान उभं असताना नाक बरंच वर असतं. सपाट टेबलावर केलेल्या खुणा तिथे खोटं सांगतील.

हवेत परत जाताना मी प्रेशर २ बारच्या खाली गेल्यावर पेटणारा लाल दिवा लावला, धावपट्टीच्या वर उंची घेतली आणि उतरण एकेका अंशाने वाढवत नेली. थरथर दिसली की नाक सपाट करून थोडी पॉवर द्यायची आणि उतरून संप उघडायचा. 'पुढच्या वेळी बघू' नाही. स्क्रीनच्या नोंदी काढून प्रेशर आणि नाकाचा कोन एकाच कागदावर आखा, बिघाड कोनाशी बांधलेला आहे की आरपीएमशी ते लगेच दिसतं.

या तिसऱ्या संपवर आज ३१ तास झाले. १४ अंश नाक खाली, चार मिनिटं, प्रेशरची रेषा सरळ. मधल्या लोखंडी हाउसिंगच्या डाव्या सांध्यावर अजून एक ओलसर डाग येतो. तिथली पायरी मला फीलर गेजवर जास्त लागली होती. पुढच्या वेळी संप उतरवला की आधी तीच घासून काढणार आहे.